गॅरेजचं बिल फुगू नये म्हणून: गाडी सोडण्यापासून पैसे देईपर्यंत काय करावं

बिल हातात आल्यावर काउंटरवर कितीही हुज्जत घातली तरी फार तर चार-पाचशे रुपये सुटतात. खरे पैसे वाचतात ते सकाळी जॉबकार्डावर (गाडी सोडताना गॅरेज भरतं त्या कामाच्या कागदावर) काय लिहिलं आणि दुपारच्या फोनवर तुम्ही कशाला ‘हो’ म्हणालात त्यावर. म्हणून सुरुवात घरूनच करायची.

आदल्या दिवशी: मॅन्युअल काढा

गाडीच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये देखभालीचं वेळापत्रक असतं. बहुतेक पेट्रोल गाड्यांना दर १०,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल तेव्हा, सर्व्हिसिंग लागतं. तुमच्या किलोमीटरला काय काय बदलायचं आहे, त्या पानाचा फोटो काढून ठेवा. इंजिन ऑइलचा ग्रेड (०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० वगैरे) आणि फिल्टरसकट किती लिटर लागतं, हेही टिपून घ्या. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण तीन-साडेतीन लिटर लागतं, पण नेमका आकडा मॅन्युअलचाच घ्या.

या यादीत नसलेल्या प्रत्येक कामासाठी गॅरेजनं कारण द्यायला हवं. इंजेक्टर क्लीनिंग, इंजिन फ्लश, एसी डिसइन्फेक्शन, टेफ्लॉन कोटिंग ही कामं यादीत सहसा नसतात. पण सर्व्हिस ॲडव्हायझरला, म्हणजे काउंटरवर तुमच्याशी बोलणाऱ्या माणसाला, त्यांचं टार्गेट असू शकतं. सगळंच थोतांड नाही. कोकणात, गोव्यात खारी हवा असते, तिथे अंडरबॉडी कोटिंगला (गाडीच्या तळाला गंज लागू नये म्हणून दिलेला थर) अर्थ आहे. गाडी उभी असताना इंजिनाचे आरपीएम वरखाली होत असतील, तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) साफ करणंही योग्य. तसं काही नसेल तर सरळ नाही म्हणा.

जॉबकार्ड: त्रास लिहा, इलाज नको

‘क्लच बदला’ असं लिहून दिलंत तर क्लच बदलला जाईल, दोष दुसरीकडे असला तरी. त्यापेक्षा ‘तिसऱ्या गिअरमध्ये चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, गाडीचा वेग वाढत नाही’ असं लिहा. आवाज येत असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून एक चक्कर मारा आणि कुठल्या रस्त्यावर, किती वेगाला येतो ते दाखवा.

किलोमीटरचं रीडिंग, पेट्रोलचा काटा, बॅटरीचा सीरियल नंबर आणि स्टेपनीसह सगळे टायर यांचे फोटो तिथेच काढा. मग जॉबकार्डावर दोन वाक्यं लिहायला लावा: ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ आणि ‘बदललेले पार्ट परत हवेत’. वॉरंटीतला किंवा विम्याच्या क्लेममधला जुना पार्ट बहुधा परत मिळत नाही. बॅटरी जुनी देऊन नवी घेत असाल तर जुनीचे पैसे बिलात वजा झालेत का बघा. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कार्डावर सही करू नका. भरलेल्या कार्डाचा फोटो घ्या.

दुपारचा फोन

‘साहेब, ब्रेक पॅड गेलेत, बदलून टाकू का? गाडी लिफ्टवरच आहे.’ हा फोन येतोच. तेव्हा एकच विचारायचं: किती मिलिमीटर उरलेत? नव्या पॅडचं लायनिंग, म्हणजे घासला जाणारा थर, साधारण १० मिलिमीटर जाड असतं; ३ च्या आसपास आलं की बदलायचं. पाच-सहा उरले असतील तर पुढच्या सर्व्हिसिंगला बघता येईल. चाक काढून, पट्टी लावून फोटो पाठवायला सांगा. पॅड जिला घासतात ती डिस्क बदलायची म्हणत असतील तर डिस्कवरच तिची किमान जाडी कोरलेली असते. मोजलेला आकडा तिच्याशी ताडून बघा.

बॅटरीचंही तसंच. रात्रभर उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि इंजिन चालू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४. चालू इंजिनावर आकडा वाढतच नसेल तर दोष अल्टरनेटरच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाच्या) बाजूला असू शकतो. मग नवी टाकलेली बॅटरीही आठवड्यात उतरेल. शॉकॲब्सॉर्बर गेला म्हणत असतील तर त्यावर तेल ओघळलेलं दिसतं का, ते विचारा.

फोनवर तोंडी ‘हो’ म्हणू नका. पार्ट, लेबर आणि एकूण रक्कम व्हॉट्सॲपवर मागवा आणि तिथेच मंजुरी द्या.

एसीचा गॅस

उन्हाळ्यात इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. पेट्रोलसारखा गॅस जळून संपत नाही, त्यामुळे दर वर्षी भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता टॉप-अप मारला की दोन-तीन महिन्यांत पुन्हा गरम हवा आणि पुन्हा तेच बिल. आधी केबिन फिल्टर बघा; बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हातानं निघतो. धुळीनं भरलेल्या फिल्टरमुळे हवा कमी येते, दोष मात्र गॅसला दिला जातो. गॅस भरायचाच असेल तर क्रम असा: गळती शोधणं, ओ-रिंग (जोडावरची रबरी कडी) किंवा पाइप बदलणं, किमान वीस-तीस मिनिटं व्हॅक्यूम (पंपानं आतली हवा काढणं) आणि मग वजन करून गॅस. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार (बहुतेक आर-१३४ए) आणि वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ‘अंदाजानं भरतो’ म्हणणाऱ्याकडून भरू नका. गॅस जास्त झाला तरी थंडावा कमी होतो.

गाडी घेताना

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक (इंजिनातलं तेल मोजायची पट्टी) काढा. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ हवं. मॅन्युअल ३.१ लिटर म्हणतं आणि बिलात ३.५ लावलेत, तर उरलेलं तेल मागा किंवा पैसे कमी करायला लावा. जुन्या पार्टांसोबत नव्याचं रिकामं खोकंही मागा, कारण त्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी असते.

आता बिल. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. खोक्यावर ५९० रुपये असतील तर बिलात ५०० अधिक १८ टक्के जीएसटीचे ९०, असे ५९० व्हायला हवेत. ५९० वर पुन्हा १८ टक्के लावून ६९६ केले असतील तर ती एमआरपीपेक्षा जास्त वसुली झाली. याची तक्रार वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या पार्टवर १८ टक्केच जीएसटी आहे, तेव्हा २८ टक्के दिसले तर तिथेच थांबा. लेबरवरही १८. बिलावर जीएसटी नंबरच नसेल (महाराष्ट्रातला २७ नं सुरू होतो, गोव्यातला ३० नं) तर त्या गॅरेजला जीएसटी घेताच येत नाही. ‘कन्झ्युमेबल्स’ नावाची मोघम ओळ दिसली तर तिचा तपशील मागा. ग्रीस आणि कापडाचे हजार रुपये होत नाहीत.

पटलं नाही तर

केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क गॅरेजला आहे. करार कायदा, १८७२ च्या कलम १७० मध्ये तो दिलाय. म्हणून गाडी ओढून नेण्याच्या भानगडीत पडू नका. न पटलेल्या ओळींवर खूण करा, बिलाच्या प्रतीवर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असं लिहा, यूपीआय किंवा कार्डानं पैसे द्या आणि गाडी घेऊन या. त्याच दिवशी गॅरेजला आणि अधिकृत सर्व्हिस सेंटर असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागालाही ईमेल करा. जॉबकार्ड, व्हॉट्सॲपची मंजुरी, खोक्यांचे फोटो जोडा.

उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो, वकील सक्तीचा नाही, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात करता येते, महामार्गावर गाडी बंद पडून परजिल्ह्यातल्या गॅरेजनं लुबाडलं असलं तरीही.