लोंबत्या दोरातला ताण कसा काढावा

दोराला वजनच नाही असे गृहीत धरून सोडवलेली गणिते इतकी अंगवळणी पडलेली असतात की दोरात सगळीकडे ताण सारखाच असतो असा समज पक्का होऊन बसतो. खोल विहिरीतून भिजलेल्या काथ्याच्या दोराने पाणी शेंदलेल्या माणसाला मात्र तो पटवून देणे कठीण आहे.

समजा, रहाटावरून २० मीटर लांबीचा, ४ किलोग्रॅमचा, सारख्या जाडीचा दोर सोडला आहे आणि त्याला बांधलेला पोहरा पाण्यासकट १० किलोग्रॅमचा असून तो पाण्याच्या वर स्थिर लोंबत आहे. ज्या जागचा ताण हवा असेल तिथे दोर मनातल्या मनात कापावा आणि कापाच्या खाली जे काही उरते तेवढ्याचेच वजन करावे. कापाच्या वर दोर किती आहे, याचा या हिशेबाशी काडीचाही संबंध नाही. खालचा भाग स्थिर आहे, म्हणून कापापाशी त्याला वर ओढणारे बल त्याच्या वजनाइतकेच असते, आणि ते बल म्हणजेच तिथला ताण.

गाठीपाशी खाली फक्त पोहरा आहे, म्हणून १० गुणिले ९.८ (गुरुत्वाकर्षणाचे त्वरण, मीटर प्रति सेकंद वर्गात), म्हणजे ९८ न्यूटन. तिथून वर दर मीटरला ०.२ किलोग्रॅम दोराची भर पडत असल्याने ताण १.९६ न्यूटनने वाढत जातो. मध्यावर तो ११७.६ आणि रहाटापाशी १३७.२ न्यूटन होतो. अंतर खालच्या टोकापासून मोजावे. वरून मोजल्यास वजाबाकी करावी लागते, आणि बहुतेकांची चूक तिथेच होते.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मुलांच्या खेळण्यातली प्लास्टिकची सैल स्प्रिंग एका टोकाला धरून लोंबती सोडावी: वरचे वेढे चांगलेच फाकलेले दिसतात, खालचे जवळजवळ एकमेकांना चिकटून राहतात.

पोहरा संथपणे वर घेताना गाठीचा ताण ९८ न्यूटनच राहतो, पण लोंबता दोर ५ मीटर उरला की रहाटापाशी १०७.८ न्यूटनच भरतात. हिसका देऊन ओढल्यास ९.८ मध्ये वरच्या दिशेचे त्वरण मिळवावे. पूर्ण लांबी लोंबत असताना ते २ मीटर प्रति सेकंद वर्ग असेल, तर रहाटापाशी १६५.२ न्यूटन येतात. हिशेबाने सर्वाधिक ताण वरच्या टोकाला असला, तरी जुना दोर पुष्कळदा गाठीतच तुटतो, कारण गाठीतल्या वळणांमुळे त्याची ताकद तिथे कमी झालेली असते.