‘लॅपटॉप करंट मारतोय’ म्हणणाऱ्याला काय विचारायचं

आमच्या चिपळुणात ‘कॉम्प्युटर चालू होत नाही’ या वाक्याचे निदान पाच अर्थ आहेत. एक, बटण दाबलं तरी ना दिवा ना पंखा. दोन, पंखा फिरतो पण पडदा काळा. तीन, कंपनीचं चिन्ह येतं आणि तिथेच गोल फिरत बसतं. चार, सगळं व्यवस्थित आहे, पासवर्ड विसरलाय. पाचवा खास आपला: लाईटच गेलेली आहे, आणि यूपीएसची बॅटरी तीन वर्षांपूर्वी मेली ते कुणाच्या लक्षात नाही.

मी बावीस वर्षं कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक होते. आता भावाच्या दुरुस्तीच्या दुकानात काउंटरला बसते. घरात, सोसायटीत किंवा ऑफिसात ‘त्यातलं कळणारी व्यक्ती’ म्हणून तुमच्याकडे असे प्रश्न येत असतील, तर हे तुमच्यासाठी.

आलेल्या प्रश्नाला लगेच उत्तर द्यायचं नाही. आधी विचारायचं: काय दिसतं? काय ऐकू येतं? शेवटचं नीट कधी चाललं होतं, आणि त्यानंतर काय हललं? यातला शेवटचा प्रश्न सोन्याचा आहे, पण त्याचं खरं उत्तर पहिल्या फटक्यात कधीच मिळत नाही. ‘काही नाही हो ताई, होता तिथेच आहे.’ चहा येतो, दोन घोट होतात, मग: ‘हां, परवा हॉलला रंग दिला, तेव्हा टेबल सरकवलं होतं.’ बस, झालं. काळा पडदा, फिरणारा पंखा आणि सरकवलेलं टेबल म्हटलं की मी आधी रॅम, म्हणजे मशीनची मेमरीची पट्टी, बघते. कॅबिनेटची वायर भिंतीतून काढायची, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, रॅमची पट्टी काढायची, तिचे सोनेरी दात स्वच्छ पांढऱ्या खोडरबरने घासायचे, चुरा ब्रशने झटकायचा आणि पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या ‘टक्’ करेपर्यंत दाबायची. आमच्या दमट हवेत तेवढ्यावर सुरू होणारी मशीन्स मी मोजायची सोडून दिली आहेत.

पण विचारायचं म्हणजे नेमकं कसं, ते एका प्रकरणावरून सांगते.

एक शिक्षिका आल्या. ‘ताई, लॅपटॉप करंट मारतोय. पण फक्त संध्याकाळी.’

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, अडॅप्टर बदला. किंवा, काही नाही, सगळ्यांचाच मारतो. दोन्ही उत्तरं निम्मी बरोबर आहेत. मी म्हटलं, संध्याकाळी कुठे बसता? खाली, लादीवर. पायात काही? घरात कशाला? आणि दुपारी शाळेत? तिथे टेबल-खुर्ची, पायात चपला. घरी चार्जर कशात लावता? एक्स्टेन्शन बोर्डात. बोर्ड पिशवीतच होता. बाहेर काढला, तर त्याच्या प्लगची तिसरी, जाड पिन मुळातून तोडलेली. ‘आमच्या हॉलच्या बोर्डाला दोनच भोकं आहेत, म्हणून यांनी पकडीने काढली.’

बाईंचा अडॅप्टर तीन पिनांचा होता. अशा अडॅप्टरमध्ये फेजपासून अर्थच्या तारेला एक आणि न्यूट्रलपासून अर्थच्या तारेला एक, असे दोन छोटे कॅपेसिटर, म्हणजे वीज साठवणारे आणि एसीला थोडीशी वाट देणारे भाग, मुद्दाम बसवलेले असतात. आत वीज भराभर चालू-बंद होते, त्या स्विचिंगचा विजेचा कचरा जमिनीत जावा म्हणून. साधारण २.२ नॅनोफॅरडचे धरा. अर्थची पिन जमिनीला जोडलेली असेल तर सगळं गपचूप खाली जातं. पिन तोडली की या दोन कॅपेसिटरांच्या मधला सांधा अधांतरी लटकतो, आणि अधांतरी म्हणजे बरोब्बर मध्यावर: २३० च्या निम्मे, ११५ व्होल्ट. लॅपटॉपची धातूची पाठ त्या सांध्यालाच जोडलेली. माझ्या मीटरने पाठ आणि दुकानाची अर्थिंग यांच्यात १०८ दाखवले. बाईंचे डोळे पांढरे झाले.

इथे उत्तर देणाऱ्याची परीक्षा असते. १०८ आकडा खरा आहे, पण तो एकटा काहीच सांगत नाही. मागे किती प्रवाह उभा आहे ते बघायला हवं. ५० हर्ट्झला २.२ नॅनोफॅरड म्हणजे सुमारे १.४५ मेगाओहमचा अडथळा. २३० भागिले १.४५ मेगाओहम, म्हणजे जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर. घरात बसवतात तो आरसीसीबी, म्हणजे गळती झाली की आपोआप वीज तोडणारा खटका, ३० मिलिअँपिअरला पडतो, म्हणजे हा प्रवाह त्याच्या जवळजवळ १९० पट कमी. अनवाणी पायातून तो लादीत जाताना झिणझिण्या येतील, विशेषतः बोटाची मागची बाजू हलकेच फिरवली तर. जीव जाणार नाही. मग मी मीटरच्या दोन टोकांत १०० किलोओहमचा रेझिस्टर लावला. १०८ चे १५ झाले. असा कोसळला की समजायचं ती कॅपेसिटरची गळती. स्वस्तातल्या डुप्लिकेट अडॅप्टरमध्ये आतलं इन्सुलेशन फुटलेलं असतं, तेव्हा आकडा कोसळत नाही, तिथेच ठाम बसतो. तो अडॅप्टर सरळ कचऱ्यात.

ही चाचणी मी करते, फोनवर दुसऱ्याला करायला सांगत नाही. हा नियम मी कधी मोडत नाही. समोरच्याच्या हातात काय आहे, पायाखाली काय आहे, मीटरची तार फाटलेली आहे का, हे मला दिसत नाही. फोनवर एवढंच: तीन पिना शाबूत असलेल्या, अर्थिंग चालू असलेल्या सॉकेटात लावून बघा. झिणझिणीऐवजी झटका बसत असेल तर खटका बंद करा आणि घेऊन या. मायक्रोवेव्हच्या आतलं तर मी फोनवर बोलतच नाही. तिथे दोन हजार व्होल्टच्या वरचं काम असतं.

बाईंना नवा प्लग बसवून दिला, हॉलमध्ये तीन भोकांचा बोर्ड लावून घ्या म्हटलं आणि विषय माझ्या दृष्टीने संपला. तसा तो संपला नव्हता, पण ते नंतर.

काही प्रश्न म्हणजे प्रश्न नसतातच, तक्रार असते, आणि तिचं उत्तर पाठकोऱ्या कागदावर गणित मांडून द्यायचं. ‘दहा हजारचा पॉवर बँक घेतला, फोन दोनदासुद्धा होत नाही, फसवलं.’ मी लिहून दाखवते. १०,००० मिलिअँपिअर-तास हे आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे, म्हणजे ३७ वॉट-तास. बाहेर ५ व्होल्टने काढले की ७,४०० च उरतात. त्यातले दहा-पंधरा टक्के उष्णतेत जातात: ६,३०० ते ६,६००. तुमच्या फोनची बॅटरी ५,००० ची, म्हणजे सुमारे १९ वॉट-तासांची. पॉवर बँकमधून हाताला येतात ३२ च्या आसपास. म्हणजे दीड-पावणेदोन वेळा. फसवलेलं नाही, मोठा आकडा छापलाय एवढंच. ५०० जीबीची डिस्क ४६५ दाखवते ती अशीच: कंपनी हजाराने गुणते, विंडोज १,०२४ ने भागतं. लोक कागद घडी घालून खिशात ठेवतात, घरी भांडायला उपयोगी पडतो.

आता माझी चूक. शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाचा फोन आला. कीबोर्डचा अडॅप्टर हरवलाय, संध्याकाळी कार्यक्रम आहे, घरात राउटरचा ९ व्होल्टचा पडलाय, चालेल का? मी गिऱ्हाइकात होते. म्हटलं, कीबोर्डवर ९ लिहिलंय ना? मग लावा. अर्ध्या तासाने परत फोन: वास आला. त्या कीबोर्डला टोपणाच्या, म्हणजे वायरच्या टोकाच्या गोल पिनेच्या, मधोमध उणे लागत होतं, राउटरवाल्याला मध्ये अधिक होतं. दोन्हींवर तसं चित्र छापलेलं होतं, गोलात गोल आणि अधिक-उणे. मी विचारलंच नाही. नशीब, आतला संरक्षणाचा डायोड शॉर्ट झाला आणि बाकीचं वाचलं. दुरुस्ती फुकट करून दिली, पण त्या संध्याकाळी मंडळाला नुसत्या पेटीवर भागवावं लागलं. तेव्हापासून अडॅप्टरच्या प्रश्नाला माझं एकच उत्तर: दोन्ही लेबलांचे फोटो पाठवा. व्होल्ट सारखे हवेत, अँपिअर लागतात तेवढे किंवा जास्त, आणि ते चित्र जुळलं पाहिजे. १९ व्होल्ट ३.४२ अँपिअरच्या लॅपटॉपला तशाच टोपणाचा १९ व्होल्ट ४.७४ चा लावला तर काही जळत नाही. लॅपटॉप लागेल तेवढंच ओढतो. उलटं केलं तर अडॅप्टर तापतो किंवा बंद पडतो.

विद्यार्थ्यांचे प्रश्न वेगळे. त्यांना यंत्र दुरुस्त करून नको असतं, डोक्यातली गाठ सोडवून हवी असते. बारावीतल्या एका मुलाने विचारलं, बटण दाबताक्षणी दिवा लागतो, मग इलेक्ट्रॉन केवढ्या वेगाने धावत असतील? मी म्हटलं, गोगलगाय पुढे जाईल. एक चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेतून एक अँपिअर सोडला तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.०७ मिलिमीटर सरकतात, तासाला वीतभराहून थोडं जास्त. तेही डीसीत. घरातल्या एसीत ते जागच्या जागी मागेपुढे डुलतात. मग दिवा लगेच कसा? सुपारीच्या बागेतला पाण्याने भरलेला पाईप आठव. वर कॉक उघडला की खालच्या टोकाला लगेच पाणी पडतं, पण ते वरचं पाणी नसतं.

उपमा दिली की ती कुठे मोडते तेही त्याच दमात सांगायचं, नाहीतर पोरगं परीक्षेत पाईपच लिहून येतं. पाईप कापला तर पाणी वाहून जातं; तार कापली तर काहीच सांडत नाही, सगळं थांबतं. आणि दिव्यापर्यंतची ऊर्जा तारेभोवतीच्या क्षेत्रातून जाते, हे पाईप कधीच दाखवणार नाही. एवढं सांगून मी त्याला पुस्तकाकडे पिटाळलं. सगळं आपणच सांगायला पाहिजे असं नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं. नंतर दोन महिने दुकानात एकच प्रश्न होता: ‘वाळवलाय, लावू का?’ वाळवलाय म्हणजे काय, तर पंख्याखाली दोन दिवस. ऊन तरी कुठे होतं तेव्हा. अशा वेळी उत्तर ‘नाही’ पासून सुरू करायचं आणि कारण नंतर. नुसत्या पाण्याने बोर्ड मरत नाही, पण चिखल, ओल आणि वीज तिन्ही एकत्र आली की तांब्याचे मार्ग खाऊन टाकतात. म्हणून आधी मदरबोर्डवरचा रुपयाएवढा ३ व्होल्टचा सेल काढा, तो ओल्या बोर्डात रात्रंदिवस करंट सोडत बसलेला असतो. मग बोर्ड स्वच्छ पाण्याने आणि मऊ टूथब्रशने धुवा. होय, धुवा. लोकांना हे ऐकून धक्का बसायचा. त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि आठवडाभर वाऱ्यावर ठेवा. पॉवर सप्लाय धुवायच्या भानगडीत पडू नका, बदला. त्यातल्या मोठ्या कॅपेसिटरवर ३२५ व्होल्ट बसतात आणि बंद केल्यावरही काही काळ राहू शकतात.

हार्ड डिस्कचं मात्र उत्तर देताना आवाज खाली यायचा. बहुतेक डिस्कच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, गाळ तिथून आत जातो. लग्नाचे फोटो, दुकानाचा हिशोब आत असेल तर एकदाही लावून बघू नका, वाळवूही नका. ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करा आणि डेटा काढणाऱ्या लॅबला द्या. ‘एकदाच लावून बघतो’ म्हणणाऱ्यांना मी हात जोडायचे. काहींनी तरी लावलीच.

त्या शिक्षिका बाईंचा आठ दिवसांनी फोन आला. ‘ताई, बोर्ड बदलला. लॅपटॉप जरा कमी मारतो, पण आता फ्रिजसुद्धा मारायला लागलाय.’ ऐकल्याबरोबर माझ्या लक्षात आलं की मी प्लग विचारला, अडॅप्टर विचारला, पण त्या प्लगमागे घरात अर्थिंग आहे का, हे विचारलंच नव्हतं. तार जमिनीपर्यंत जातच नसेल, तर नव्या प्लगने लॅपटॉपची गळती फ्रिजच्या अंगावर नेऊन ठेवलेली. आणि कधी गीझरची कॉइल फुटली असती, तर त्याच तारेवरून २३० व्होल्ट सगळ्या उपकरणांच्या अंगावर आले असते. या वेळी मी काही चौकशी केली नाही. म्हटलं, चपला घाला, मेन बंद करा, फ्रिजला हात लावू नका, वायरमनला आत्ता बोलवा. बाथरूमच्या टाइल्स बदलताना गवंड्याने अर्थिंगची तार कापून प्लास्टरखाली गाडली होती. वायरमनने ती जोडली, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा नव्याने भरला. आमचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत पडतो, म्हणून मे महिन्यात त्यात रोज बादलीभर पाणी ओता, असं मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, अबोलीच्या कुंड्या तिथेच नेऊन ठेवते, म्हणजे आठवण राहील.