जुन्या हिशेबांवरून एलिझाबेथकालीन कपडे शिवताय? या चुका टाळा

पहिली एलिझाबेथ १५५८ ते १६०३ इंग्लंडच्या गादीवर होती. त्या काळातले प्रत्यक्ष कपडे फार थोडे उरलेत, कागद मात्र ढिगाने आहेत: राणीच्या वस्त्रागाराचे हिशेब, मृत्युपत्रं, घरातल्या चीजवस्तूंच्या याद्या, पोशाखावरचे फतवे. इथे इंग्लंडमध्ये हौशी मंडळींना असे कपडे शिवायला मी मदत करते, आणि दर हंगामात त्याच त्या चुका नवे चेहरे घेऊन समोर येतात.

वार वाचले, पन्हा वाचलाच नाही

ही चूक माझ्या डोक्यात जाते, म्हणून हिला जागा जास्त. हिशेबात असतं ‘गाउनसाठी मखमल, दहा वार’. लोक जातात आणि दहा वार मखमल घेऊन येतात. अहो, पण कुठल्या पन्ह्याची? तेव्हाच्या रेशमी मखमलीचा पन्हा साधारण २० ते २२ इंच, आज दुकानात मिळते ती ५८ इंची. २१ इंच धरून गुणाकार करा. त्यांचे दहा वार म्हणजे आपले पावणेचारही भरत नाहीत.

आमच्यातल्या एका मुलीने नेमकं हेच केलं. हुशार मुलगी, हिशेबाची नक्कल स्वतः बसून वाचलेली, पण थांबायची तयारी नाही. उन्हाळी जत्रेत गाउन घालायचाच होता. आणलंय एवढं तर वापरायला हवं म्हणून सगळं कापड घेरात घातलं. कमरेशी चुण्या दोन बोटं जाड झाल्या. मेण लावलेला दोरा, जाडी सुई, तरी टाका पलीकडे निघेना. प्रत्येक टाका पकडीने ओढून काढला. अंगावर चढवल्यावर त्या वजनाने आतल्या फार्दिंगेलच्या (घेर फुगवणाऱ्या कडीदार परकराच्या) कड्या दबून लंबगोल झाल्या. दुपारपर्यंत बिचारी उभीच, कारण एकदा बसली की उठवायला दोघी लागायच्या. त्यात वरच्या अंगाचे तुकडे उरलेल्या कापडातून उलटसुलट बेतलेले. मखमलीची लव एका तुकड्यात वर, दुसऱ्यात खाली, त्यामुळे उन्हात डावी बाजू काळपट आणि उजवी चकचकीत लाल.

बरं, पावणेचार वार आणले की सुटलात असंही नाही. अरुंद पन्ह्यामुळेच त्या कपड्यांत जागोजागी जोड आणि कळ्या आहेत. रुंद कापडातून सलग कापलं की घेर पडतो वेगळाच. मी जुनी वर्तमानपत्रं चिकटवून २१ इंची लांबलचक पट्टा करते, जमिनीवर पसरते आणि सगळे तुकडे लव एका दिशेला ठेवून त्यातच बसवते. बसला नाही त्याला जोड. गुडघे दुखतात. कॉम्प्युटरवर हे दोन मिनिटांत होतं असं कुणी ना कुणी सांगतंच. त्यांनी खुशाल करावं.

लोकरीचं गणित वेगळं. ब्रॉडक्लॉथचा पन्हा कायद्यानेच पावणेदोन वार, म्हणजे ६३ इंच. मखमलीच्या तीन वारांचं काम त्याचा एक वार करतो. लिनन बहुधा एलच्या मापाने विकलं जायचं, आणि इंग्रजी एल ४५ इंचांचा तर फ्लेमिश २७ चा. तीन एलच्या शर्टात एवढ्यानेच दीड वाराचा फरक पडतो. नऊवारी घेणारी कुठलीही आजी दुकानात आधी पन्हा विचारायची. तेवढंच करा.

मनाई वाचून पेहराव ठरवणं

कुणी काय घालावं याचे फतवे राणीच्या सरकारने पुन्हा पुन्हा काढले: १५६२, १५७४, १५८०, १५९७. अमुक दर्जाखालच्यांना मखमल नाही, तमुक उत्पन्नाशिवाय रेशीम नाही. हे वाचून नवखे लोक ‘सामान्य माणूस मखमल घालतच नसे’ असं ठोकून देतात. लोक ऐकत असते तर सरकारला इतक्यांदा कशाला ओरडावं लागलं असतं? १५६५ साली लंडनमध्ये एका नोकराला भलतीच फुगीर तुमान घातली म्हणून पकडलं होतं. नोकरही तशी तुमान शिवून घेत होते, याचा यापेक्षा चांगला पुरावा कुठला हवा? १५७१ चा टोपीचा कायदा तसाच. उच्चकुलीन वगळता सहा वर्षांवरच्यांनी रविवारी आणि सणावारी लोकरी विणलेली टोपी घालावी, नाहीतर दंड. हेतू टोप्या विणणाऱ्यांना काम मिळावं हा. १५९७ मध्ये कायदा गेला. त्यावरून डोकी मोजू नका.

फिलिप स्टब्जचं तर विचारूच नका. १५८३ मध्ये त्याने रफवर, म्हणजे गळ्याभोवतीच्या चुणीदार कॉलरवर, आगपाखड केली, आणि आज लोक त्याची मापं फूटपट्टीने घेतात. चिडलेला माणूस माप वाढवूनच सांगणार.

सुती कापड

मँचेस्टरचे ‘कॉटन’ हिशेबात दिसले की आपल्याकडचे लोक खुश होतात आणि सुती ताग्याकडे धावतात. ते कापड लोकरीचं होतं, वर लव उठवलेलं. कापूस अजिबात नव्हता असंही नाही: फस्टियन नावाच्या मिश्र कापडात ताणा लिननचा आणि बाणा कापसाचा असे. पण भारतातलं सुती कापड जहाजं भरभरून इकडे आलं ते पुढच्या शतकात. ईस्ट इंडिया कंपनीची सनदच १६०० च्या शेवटच्या दिवसाची. अंगालगतच्या कपड्याला लिनन घ्या. महाग आहे, माहीत आहे. पॉलिएस्टर-कॉटन घेऊन वर ‘लांबून कळत नाही’ म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही.

बाकी थोडक्यात

राणीचे हिशेब वाचून दुकानदाराच्या बायकोचा पोशाख शिवू नका. वॉल्टर फिश आणि १५८२ नंतर विल्यम जोन्स हे राणीचे शिंपी होते, गावातले नव्हेत. गावासाठी मृत्युपत्रं बघा, पण त्यातला ‘माझा उत्तम गाउन’ वीस वर्षं जुना असू शकतो.

मृत्यूनंतरच्या याद्यांत बऱ्याचदा ‘अंगावरचे कपडे आणि खिशातले पैसे’ एवढी एकच ओळ असते. यादीत स्मॉक (अंगालगतचा लिननचा झगा) नाही म्हणजे बाई स्मॉक घालत नव्हती असं नाही.

तारखा तपासा. इथे तेव्हा साल २५ मार्चला बदलायचं, आणि राणीच्या राज्यारोहणापासून मोजलेलं वर्ष १७ नोव्हेंबरला. कारकुनाने लिहिलेला फेब्रुवारी १५७४ आपल्या हिशेबाने १५७५.

रोमन आकड्यांत शेवटचा एक खाली ओढून लिहितात. त्याला वेगळं अक्षर समजून चाराचे तीन करू नका.

खळीच्या कडक रफची फॅशन लंडनमध्ये फोफावली ती १५६० च्या दशकात. राज्याच्या पहिल्या वर्षाच्या पोशाखाला ताटाएवढा रफ लावू नका. नाडीच्या भोकांना लावायची धातूची आयलेट तर एकोणिसाव्या शतकातली. टोच्याने भोक पाडा आणि हाताने काजं करा.

आणि ‘कागद वाचत बसायला वेळ नाही, तयार पॅटर्न द्या’ म्हणणाऱ्यांसाठी: हुआन दे अल्सेगाचं १५८० चं माद्रिदमधलं शिंप्यांचं पुस्तक आहे. त्यात कापडावर तुकडे कसे मांडायचे याच्या आकृत्या आहेत, जोडायचे कसे ते जवळपास नाही. ते शिंप्याला येतंच असं गृहीत धरलंय. मापं स्पॅनिश वारात आहेत, म्हणजे साधारण ८४ सेंटिमीटर, आणि आकृतीआकृतीला पन्हा बदलतो.