एचसीएल हाताळताना: होज, टाकी आणि चुन्याची गोणी

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या (एचसीएल) टाकीपाशी साध्या सुती शर्टात दिवसभर वावरलो. शर्टाला काही झालेलं दिसलं नाही. धुऊन वाळत घातला तेव्हा पोटाजवळ बोट आरपार गेलं, आणि मग एकेक करत सात भोकं मोजली. इतके थेंब उडाले कधी, हे मला कळलंही नव्हतं. पुढची बावीस वर्षं मी आधी पिकलिंग शॉपमध्ये (लोखंड ॲसिडने साफ करायचा विभाग) आणि मग डीएम प्लांटवर (पाण्यातले क्षार काढायचा प्लांट) याच ॲसिडबरोबर काढली. नव्याने या कामावर येणाऱ्यांना तोंडी सांगतो, तेच इथे लिहितो.

आधी हे लागतं कशाला ते. माझा सगळ्यात मोठा अनुभव पिकलिंगचा. तप्त लोखंड लाटताना पत्र्यावर, पाइपवर, तारेवर काळपट पापुद्रा चढतो. तो आणि गंज काढल्याशिवाय जस्ताचा मुलामा धरत नाही. बाथ, म्हणजे माल बुडवायची ॲसिडची कुंडी, साधारण १५ ते १८ टक्क्यांवर सुरू करायचा. सल्फ्युरिकचा बाथ ६० अंशांच्या वर तापवावा लागतो, एचसीएल मात्र खोलीच्या तापमानालाच काम करतं. त्या सोयीची भरपाई धुराने करावी लागते. पापुद्रा संपला की ॲसिड थांबत नाही, खालचं चांगलं लोखंड खायला लागतं आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. म्हणून बाथमध्ये इन्हिबिटर (चांगलं लोखंड वाचवणारं रसायन) घालायचा आणि माल वेळेवर वर काढायचा. मी जेवायला गेलो आणि तारेची गुंडाळी बाथमध्येच राहिली, असं एकदा झालं. तार बारीक झाली, आणि वाकवल्यावर काडीसारखी मोडली. हायड्रोजन धातूत शिरला होता.

डीएम प्लांटवर कॅटायन रेझिन (पाण्यातले धातूंचे आयन धरून ठेवणारे बारीक मणी) पुन्हा ताजं करायला ४ ते ५ टक्क्यांचं ॲसिड पुरतं. याखेरीज सांडपाण्याचा पीएच खाली आणायला, फेरिक क्लोराइड, कॅल्शियम क्लोराइड आणि पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड बनवायला, जिलेटिनसाठी हाडांतले क्षार काढायला, चुनखडीच्या खडकातल्या तेलविहिरी मोकळ्या करायला, सगळीकडे हेच जातं. यादी लांबवत नाही.

टँकरने येणारं ॲसिड साधारण ३० ते ३३ टक्क्यांचं असतं. त्याची घनता १.१६ च्या आसपास, म्हणजे हजार लिटर ॲसिड ११६० किलो भरतं. बिल किलोत आणि टाकीची खूण लिटरमध्ये, हा गोंधळ मी अनेकदा पाहिला आहे. दहा टन माल आला तर टाकीत सुमारे ८६२० लिटरची जागा हवी. हे टँकर आत घेण्याआधी मोजायचं, पंप चालू केल्यावर नाही.

ताकद पटकन बघायची एक जुनी युक्ती आहे. ट्वाडेल हायड्रोमीटरवर (द्रवाची घनता मोजायची तरंगती नळी) जितके अंश, जवळपास तितके टक्के ॲसिड. ३२ अंश दिसले तर ३२ टक्के. ही युक्ती फक्त स्वच्छ ॲसिडला लागू. वापरलेल्या बाथमध्ये विरघळलेलं लोह घनता वाढवतं, हायड्रोमीटर छान आकडा दाखवतो आणि बाथ मात्र मेलेला असतो. तिथे कॉस्टिक सोड्याने, मिथाइल ऑरेंजचा रंग बदलेपर्यंत थेंब मोजून टायट्रेशन करा, दुसरा इलाज नाही.

टाकी कशाची

एचडीपीई (जाड प्लॅस्टिक), एफआरपी (काचतंतूंचं प्लॅस्टिक) किंवा आतून रबर चढवलेली लोखंडी टाकी. पाइप पीव्हीसी किंवा पीपी (पॉलिप्रॉपिलीन) या प्लॅस्टिकचे. साधं लोखंड आणि ॲल्युमिनियम तर सोडाच, पण स्टेनलेस स्टीलसुद्धा चालत नाही. ‘स्टेनलेस आहे, काय होतंय’ म्हणत एका फिटरने आणीबाणीत स्टेनलेसचा व्हॉल्व्ह बसवला होता. काही दिवसांतच त्याच्या अंगावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं पडली. क्लोराइडपुढे स्टेनलेसवरचा संरक्षक थर टिकत नाही.

टाकीभोवती बांध हवा, निदान सगळ्यात मोठ्या टाकीचं पूर्ण ॲसिड मावेल आणि वर थोडं उरेल इतका. व्हेंट (टाकीतली वाफ बाहेर जायची नळी) उघड्यावर सोडू नका, पाण्याच्या स्क्रबरला (वाफ पाण्यात विरघळवणारं यंत्र) जोडा. पॅनेल, मोटारी, सुट्या भागांचं कपाट टाकीपासून लांब ठेवा, कारण वाफ गुपचूप काम करते. आमच्याकडे शेजारच्या खोलीतल्या मोजपट्टीवरचे आकडे गंजाने दिसेनासे झाले तेव्हा कुठे कळलं की भिंतीत फट आहे.

रबर चढवलेल्या टाकीबद्दल एक गोष्ट कमी लोक सांगतात. रबर कुठे फाटलं असेल तर ॲसिड लोखंडाला भिडतं आणि हायड्रोजन साठतो. ‘टाकी रिकामी आहे’ म्हणून वेल्डिंग लावलं तर स्फोट होऊ शकतो. धुणं, हवा खेळवणं, गॅस मीटरने तपासणं आणि लेखी परवाना, यांतलं एकही राहिलं तर ठिणगी पाडायची नाही.

टँकर उतरवणं

मी पाहिलेल्या बहुतेक अपघातांत ॲसिड व्यवस्थित वाहत होतं तेव्हा काही बिघडलं नाही. बिघडलं ते होज जोडताना किंवा सोडताना. त्यामुळे इथे घाई नको.

टँकर आला की आधी कागद आणि पाटी वाचा. हायड्रोक्लोरिक ॲसिडचा यूएन क्रमांक (धोकादायक मालाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १७८९. मग आपल्या टाकीच्या इनलेटवरचं नाव मोठ्याने वाचा, ड्रायव्हरकडूनही वाचून घ्या. हसू येईल, पण शेजारच्याच टाकीत सोडियम हायपोक्लोराइट असतं, दोन्ही इनलेट सारखेच दिसतात, आणि एचसीएल त्यात गेलं की क्लोरीन सुटतो. एकदा आमच्याकडे होज हायपोच्या टाकीला जोडून झाला होता, व्हॉल्व्ह तेवढा उघडायचा राहिला होता. त्या दिवसानंतर आम्ही दोन टाक्यांची कपलिंग (होज जोडायची तोंडं) वेगवेगळ्या मापाची करून घेतली. हे आधीच करायला हवं होतं. सायनाइड आणि सल्फाइडजवळही एचसीएल येऊ द्यायचं नाही. तिथून सुटणारे वायू त्याहून वाईट.

चाकांना उटी (अडसराची पाचर) लावा. सेफ्टी शॉवर आणि आयवॉश खरोखर चालवून बघा. नळाला गंजाचं लाल पाणी आलं तर स्वच्छ होईपर्यंत सोडा. पीव्हीसीचा सूट, निओप्रीन किंवा ब्युटाइल रबरचे हातमोजे, गॉगल आणि त्यावर फेस शील्ड. पँटचे पाय गमबुटाच्या बाहेर ठेवा, आत खोचले तर बूट म्हणजे ॲसिडची बादली. धूर असेल तर ॲसिड गॅसचं कार्ट्रिज असलेला मास्क. कापडी किंवा धुळीचा मास्क इथे शून्य कामाचा. हवेतल्या वाफेची मर्यादा अमेरिकन नियमात कमाल ५ पीपीएम (दहा लाख भागांत पाच) आहे आणि ५० पीपीएम म्हणजे जिवाला तात्काळ धोका. नाकाला झोंबतंय म्हणजे मागे सरकायची वेळ झाली आहे. ‘सवय झालीय’ म्हणणाऱ्याला मी होजजवळ उभं करत नाही.

उतरवून झालं की खरी परीक्षा. पंप बंद, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि होजमध्ये उरलेलं ॲसिड उंच बाजूने उचलून टाकीकडे निथळू द्या. मग कपलिंग हळू, शरीराच्या उलट बाजूने सैल करा. खाली प्लॅस्टिकची ट्रे असू द्या. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग याच क्षणाचा आहे. टँकर रिकामा दिसत होता, मी मोजे काढले होते, होजच्या पोटात दोनेक लिटर शिल्लक होतं.

फ्लँजमधून (पाइपच्या बोल्ट लावलेल्या सांध्यातून) बारीक गळती आहे का ते बघायचं असेल तर सौम्य अमोनिया द्रावणाची उघडी बाटली थोड्या अंतरावरून फिरवा. ॲसिडची वाफ असेल तिथे पांढरा धूर उठतो. तो अमोनियम क्लोराइड.

पातळ करताना

आधी पाणी, मग त्यात हळूहळू ॲसिड. उलट कधीच नाही. हिशोब वजनात करा: ३३ टक्क्यांच्या १०० किलो ॲसिडपासून १५ टक्क्यांचं बनवायचं तर एकूण २२० किलो व्हायला हवं, म्हणजे पाणी १२० किलो. २० टक्क्यांच्या खाली आलं की धूर एकदम कमी होतो, त्यामुळे जमेल तिथे पातळच साठवा.

सांडलं तर

वाऱ्याच्या वरच्या बाजूला जा, माणसं हटवा, गटाराचं तोंड वाळूने अडवा. मग कडेकडेने आत येत सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) किंवा चुना टाका. मध्यभागी गोणी उपडी केली तर उकळी फुटून अंगावर येते. ३३ टक्क्यांच्या एका किलोला सुमारे ४८० ग्रॅम सोडा ॲश किंवा ३४० ग्रॅम विरलेला चुना लागतो. फरशीवर प्रत्यक्षात थोडा जास्तच धरा. पीएच पट्टी ६ ते ८ मध्ये आल्यावरच पाणी मारा. चुन्याची गोणी कुलपात ठेवू नका. एकदा किल्ली ज्याच्या खिशात होती तो रजेवर होता.

अंगावर आलं तर

धावत शॉवरखाली, आणि पाणी सुरू असतानाच कपडे, बूट, घड्याळ उतरवा. निदान १५ मिनिटं, घड्याळ बघून; जळजळ थांबली म्हणून माणूस दोन मिनिटांत बाहेर येतो, त्याला पुन्हा आत ढकला. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तितकाच वेळ धुवा. कातडीवर सोडा, चुना, मलम काही लावायचं नाही. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. वाफ छातीत भरली असेल तर मोकळ्या हवेत बसवा आणि तो ‘बरं वाटतंय’ म्हणाला तरी दवाखान्यात पाठवा, कारण फुप्फुसात पाणी भरायला कित्येक तास लागू शकतात. सोबत ॲसिडच्या एसडीएसची (सुरक्षिततेच्या माहितीपत्रकाची) छापील प्रत द्या आणि डॉक्टरांसाठी त्यावर लिहा: किती टक्के, किती वाजता, किती वेळ धुतलं.