शब्द कोंबू नका, विषय मांडा: सर्चसाठी लिहिताना या चुका टाळा

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एका अर्थाचे जितके शब्द, तितकी पानं.

पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका व्यावसायिकाची साइट माझ्याकडे आली होती. ‘पंप दुरुस्ती’, ‘पंप रिपेअर’, ‘मोटर दुरुस्ती’, ‘मोटर बंद पडली तर’ अशी पानांची रांग. मजकूर तोच, शब्द तेवढे बदललेले. सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलवर कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं टूल) एक क्वेरी, म्हणजे लोकांनी शोधलेला शब्द किंवा प्रश्न, निवडून ‘पेजेस’ टॅब उघडला, तर आज हे पान वर, उद्या ते, आणि टिकत एकही नव्हतं. ही सगळी पानं एकाच गोष्टीबद्दल आहेत हे गूगलला कळत होतं. दाखवायचं कोणतं, हे ठरत नव्हतं.

मग कामाचा सगळा मजकूर एका पानावर आणला. मोटर नुसती घूं करते पण फिरत नाही, तर आधी कपॅसिटर बघा. फिरते पण पाणी चढत नाही, तर फूट व्हॉल्व्ह आणि प्रायमिंग. जुन्या पत्त्यांना 301 रीडायरेक्ट लावले, म्हणजे जुना पत्ता उघडणारा कायमचा नव्या पानावर जातो, साइटमधल्या लिंका बदलल्या. काही आठवड्यांत ते पान स्थिरावलं आणि जे शब्द त्यात नव्हतेच, त्यांच्या शोधातही दिसायला लागलं.

यात जादू काही नाही. 2013 च्या हमिंगबर्ड या शोधप्रणालीतल्या बदलापासून गूगल सुटे शब्द जुळवण्याऐवजी पूर्ण प्रश्नाचा अर्थ लावू लागलं. 2015 मध्ये रँकब्रेन आलं, 2019 मध्ये बर्ट (दोन्ही शोधाचा अर्थ लावणारी गूगलची मशीन लर्निंग तंत्रं), आणि त्याच डिसेंबरात ते मराठीसह 70 हून अधिक भाषांत पोहोचलं. बर्ट शब्दाच्या दोन्ही बाजूंचं वाक्य वाचतं. कळ यंत्राची की पाठीतली, हे ‘दाबा’ आणि ‘कंबर’ असल्या शेजाऱ्यांवरून ठरतं. एकच शब्द दहादा लिहून हे शेजारी मिळत नाहीत.

दुसरं खूळ ‘एलएसआय कीवर्ड’चं, म्हणजे मुख्य शब्दाशी संबंधित शब्दांची यादी मजकुरात घालण्याचं. एलएसआय (लेटंट सिमँटिक इंडेक्सिंग) हे 1980 च्या दशकातलं, मर्यादित कागदपत्रांच्या संग्रहासाठी केलेलं तंत्र. असे कीवर्ड नसतातच, असं गूगलच्या जॉन म्यूलर यांनी 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं. तरी नवखे लोक टूलमधून यादी काढतात आणि परिच्छेदात पेरतात, कारण विषय शिकण्यापेक्षा ते झटपट होतं. मी लिहिण्याआधी ते काम रोज करणाऱ्याला विचारतो: गिऱ्हाईक आल्यावर पहिलं काय विचारतं? त्याच्या उत्तरात लागणारे सगळे शब्द आपोआप येतात, तेही योग्य जागी.

मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमधली, वाचकाला न दिसणारी शब्दांची यादी) भरत बसू नका. गूगल तो क्रमवारीसाठी वापरत नाही, हे 2009 मध्येच जाहीर झालंय. ‘इथे क्लिक करा’ अशी लिंक देऊ नका, पुढच्या पानाचा विषय लिंकच्या शब्दांत यायला हवा. दरपत्रक नुसतं फोटोत टाकू नका. पानावर जे दिसत नाही ते स्कीमामध्ये (सर्च इंजिनला पानाची माहिती सांगणाऱ्या कोडमध्ये) लिहू नका. पांढऱ्यावर पांढरा मजकूर लपवणं ही सरळ फसवणूक आहे.

आणि दर दोन दिवसांनी शीर्षक बदलू नका. पान पुन्हा क्रॉल होऊन, म्हणजे गूगलने ते परत वाचून, त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. मी बदलाची तारीख वहीत लिहितो, महिनाभर हात लावत नाही, मग क्वेरींची यादी उघडतो. ज्या प्रश्नासाठी पान दिसतंय पण कोणी क्लिक करत नाही, त्याचं उत्तर आधी पानावर आहे का ते बघतो. बहुतेक वेळा ते नसतंच.