हरवलेली रिम साच्यातून काढली

१:२४ मापाच्या प्लॅस्टिक मॉडेल कारच्या किटमधली एक रिम हरवली होती. उरलेल्या तिन्ही हुबेहूब सारख्या, म्हणून त्यातल्याच एकीचा साचा घेतला. (कारच्या बाजूच्या आरशाला हा उपाय चालत नाही, डाव्याच्या साच्यातून उजवा निघत नाही.)

रिमची पाठ सपाट असेल तर एकाच भागाचा साचा पुरतो. स्पोक वर ठेवून ती दुहेरी टेपने घट्ट चिकटवा. फट राहिली की साच्यासाठी ओतायचं सिलिकॉन खाली शिरतं. भोवती प्लॅस्टिकची भिंत, रिमपेक्षा ५ मिमी उंच. प्लॅटिनम-क्युअर (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारं) सिलिकॉन असेल तर गंधक असलेली क्ले आणि लॅटेक्सचे हातमोजे दूर ठेवा, नाहीतर सिलिकॉन तिथे घट्ट न होता चिकटच राहतं. पहिला थर ब्रशने स्पोकच्या खाचांत भरा, उरलेलं एका कोपऱ्यातून बारीक धारेने सोडा. घट्ट झालं की रिम काढून घ्या, त्या पोकळीत रेझिन ओतायचं.

पावसाळ्यात मुंबईत पॉलियुरेथेन रेझिन टाळाच. ओलाव्याशी त्याची प्रक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि रिम आतून जाळीदार निघते. मी इपॉक्सी घेतलं. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास क्राफ्टच्या दुकानांत मिळतं. डब्यावरचं रेझिन-हार्डनरचं प्रमाण वजनाचं की आकारमानाचं, ते आधी बघा. रिमला दोन-तीन ग्रॅम लागतं, तरी १० ग्रॅम कालवा, कारण इतक्या थोड्यात एका थेंबानेही प्रमाण बिघडतं. खाचांतले बुडबुडे टूथपिकने फोडा, २४ तास हात लावू नका.

पाठ ४०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाणी लावून घासली. किट जोडायचं सिमेंट (प्लॅस्टिकचा गोंद) रेझिनला धरत नाही, सुपरग्लू वापरा. चारही रिम एकदमच रंगवा, शेड जुळते.