आंजर्ले ते कर्दे, किनाऱ्याने एक दिवस : तंबू पाठीवर घेऊन कसं चालायचं

कोकण किनाऱ्याने चार-पाच दिवस चालायचा प्लॅन असेल तर त्यातला एक सोपा दिवस सांगते, दापोली तालुक्यातला. आंजर्ल्याहून निघायचं, खाडी ओलांडून पाजपंढरी, हर्णै, मग मुरुड आणि मुक्काम कर्द्याला. अंतर फार नाहीये, पण पाठीवर दहा किलो असताना वाळूतला एक किलोमीटर डांबरी दीडच्या बरोबरीचा धरा.

सगळ्यात आधी किलोमीटर नाही, तिथी बघा. गावातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, पहाटे तीनला आणि दुपारी परत तीन-साडेतीनला पूर्ण भरती, मधे नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर परत एकपासून मोजायचं. अर्धा तास इकडेतिकडे होतो पण प्लॅनिंगला पुरतं, भरतीचं अ‍ॅप असेल तर ताडून बघा. थोडक्यात तृतीया ते पंचमी बेस्ट, कारण सकाळभर ओली कडक वाळू मिळते आणि तिच्यावर रस्त्यासारखं चालता येतं. नवमीला गेलात तर पावणेसातलाच पूर्ण भरती आणि तुम्ही वरच्या भुसभुशीत पुळणीत (कोरड्या वाळूत) पोटऱ्या दुखवत बसणार, आमचा पहिला ट्रेक असाच गेला होता.

सकाळी सहाला निघा. दक्षिणेकडे चालताय म्हणजे समुद्र उजवीकडे, डावीकडे डोंगर, त्यामुळे ऊन जरा उशिरा अंगावर येतं. कड्यावरचा गणपती, म्हणजे आंजर्ल्याचं टेकडीवरचं देऊळ, आदल्या संध्याकाळीच करून घ्या, सकाळी तो चढ नको. पुढे जोग नदीची खाडी. पूर्वी इथे होडीने जायचे, आता पूल आहे, पुलानेच जा. ओहोटीला खाडी उथळ दिसते म्हणून चालत ओलांडायचा शहाणपणा करू नका, मधे गाळ असतो आणि पाण्याला ओढ असते. हे कोकणातल्या कुठल्याही खाडीला लागू, कोळीदादांना विचारल्याशिवाय पाय टाकायचा नाही.

पाजपंढरी ओलांडली की हर्णै बंदर, इथे नाश्ता. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, 2025 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी एक. किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि त्यावरचं दीपगृह, पाऊण तास हाताशी असेल तर बघा. संध्याकाळच्या मासळी लिलावासाठी थांबलात तर मात्र कर्दे विसरा, मुक्काम हर्णैलाच.

हर्णैनंतर खडकांतून जायचा मोह होतो पण कालवं लागलेले खडक म्हणजे ब्लेड, त्यात शेवाळं, सरळ रस्ता धरा. हा तुकडा बोअर आहे. मग मुरुड आणि तिथून कर्द्यापर्यंत सलग पुळण, दिवसातला सगळ्यात भारी भाग. (महर्षी कर्वे याच मुरुडचे, परीक्षेसाठी इथून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून बसूच दिलं नाही, तेव्हा आपल्या फोडांचं कौतुक जरा कमी.) शनिवार-रविवारी लोक गाड्या वाळूत घालतात, कानात हेडफोन नको.

पाणी माणशी तीन लिटर, मधे शहाळी मिळतात. दुपारी बारानंतर चालू नका, ऊन पश्चिमेकडून उजव्या गालावर येतं आणि वाळू तापते.

आता तंबू. आधी वाडीत विचारा, बहुतेक कोणीतरी अंगणात किंवा बागेत जागा देतं, टॉयलेट आणि विहिरीचं पाणीपण मिळतं, पैसे द्या आणि जेवण सांगून ठेवा. बागेत लावताना वर बघा, माडाखाली तंबू लावायचाच नाही, नारळ रात्री पण पडतात! सुरूच्या बनात सावली मस्त पण खाली वाळकी पानं असतात, चूल अजिबात पेटवायची नाही. किनाऱ्यावर परवानगी मिळालीच तर शेवाळ-शिंपल्यांची जी वरची रेघ दिसते तिच्याही बऱ्याच वर लावा. वरच्या हिशोबाने दुपारी तीनची भरती पहाटे साडेतीनला परत येणार आणि तेव्हा तुम्ही झोपेत. आम्ही एकदा रेघेवरच लावला होता, स्लीपिंग बॅग दोन दिवस वाळत होत्या. वाळूत खुंट्या टिकत नाहीत, त्यापेक्षा पिशवीत वाळू भरून दोरीला बांधा आणि हातभर खोल पुरा.

आणि आंजर्ल्याला नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात, तिथे पुळणीवर तंबू आणि पांढरा टॉर्च दोन्ही नको, पिल्लं उजेडाकडे जातात. टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावून ठेवा, दहा रुपयांचं काम.